सांग की, मला येत नाही

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या सरकारी मराठी शाळांत ‘नलीकली’ हा शब्द इतका मुरलाय, की तो कन्नड आहे हे पोरांना सांगावं लागतं. आनंदानं शीक, असा त्याचा अर्थ.

मुळात ही पद्धत इकडची नव्हे. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहिल्या आणि युनिसेफच्या मदतीनं आपल्याकडे प्रयोग मांडला. २००९-१० मध्ये तो कर्नाटकभर पसरला. वर्गात पाच गट झाले. एकाला बाई पूर्ण वेळ लागतात, एकाला थोडा वेळ. एकाला सोबती शिकवतात, एकाला सोबत्यांची जुजबी मदत पुरते, पाचवा आपला आपण.

पालकांचं सगळं लक्ष पुस्तकाऐवजी पोरांच्या हाती आलेल्या कार्डांवर. पुस्तक कुठाय, अक्षरं कधी येणार? विचारणं रास्तच. पण माझ्या मते खरा धडा सोबत्यांच्या गटांत चालला होता. ‘मला येत नाही, सांग की’ असं बरोबरीच्या पोराला म्हणणं अक्षर गिरवण्यापेक्षा अवघड. कार्ड एक, हात चार; थांबायचं कुणी? भरल्या वर्गात तोंड न उघडणारं बुजरं पोर चौघांत बोलायला लागतं. आई विड्या वळत असताना धाकट्याला सांभाळणारी निपाणीची मुलगी तर या कामात घरूनच तयार होऊन आलेली.

खोटही होती. बाई एक, इयत्ता तीन. त्यांची पाठ वळली की हुशार पोरं मास्तरकी करायची, कच्ची मान डोलवायची. नुसतं गोल बसवलं म्हणून कुणी मिळूनमिसळून वागत नाही. जवळ मोठं माणूस लागतंच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या. ऑगस्टात ‘विद्यागम’ आलं. शिक्षकच गल्लीत, देवळाच्या कट्ट्यावर लहान लहान गट घेऊन बसू लागले. करोनाच्या धास्तीनं तेही ऑक्टोबरात थांबलं. पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले ते थेट २५ ऑक्टोबर २०२१ ला. तेव्हा दुसरीत असलेल्या पोरांनी पहिलीचा वर्ग आतून पाहिलाच नव्हता. पाळी धरणं, न हिसकावता मागून घेणं, इथपासून सुरुवात.

नलीकली तिसरीपर्यंतच. चौथीत पुस्तक येतं, सगळी तोंडं फळ्याकडे होतात, आणि शेजारच्याला काही विचारलं तर ‘गप्प बस’ ऐकावं लागतं.