दिसण्यावरून ओळख फसते



मेहकरला समुद्र नाही. पण विहिरीतले हिरवे शेवाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. शेवाळ म्हणजे शेवाळ, असे म्हणून आपण मोकळे होतो.

पश्चिम किनाऱ्यावर ‘उल्व्हा’ नावाचे नळीसारखे हिरवे शेवाळ वाढते. पाण्याचा खारेपणा बदलला की त्याचे रूपही बदलते; म्हणून नुसत्या डोळ्यांनी जाती ओळखणे कठीण. भटिंडा येथील पंजाब केंद्रीय विद्यापीठाचे डॉ. फेलिक्स बास्ट व सहकाऱ्यांनी नमुन्यांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा एक जात निराळीच निघाली. २०१४ साली तिला ‘उल्व्हा पश्चिमा’ हे नाव मिळाले. गोव्याच्या किनाऱ्यावरील दुसऱ्या एका नव्या शेवाळाला ‘क्लॅडोफोरा गोएन्सिस’ म्हटले गेले.

आपण यातून काय घ्यावे? तूर वाळली की आपण लगेच ‘मर लागली’ म्हणतो. मर रोग बुरशीचा. पण पाणी साचून मुळे गुदमरली तरी तूर वाळतेच. तेथे औषधाचा खर्च वाया जातो, चर काढून पाणी घालवावे लागते. म्हणून झाड मुळासकट उपटा, खोड उभे चिरा. आत काळपट रेघा दिसल्या तर मरीचा संशय धरावा. तेच झाड रयत संपर्क केंद्रात दाखवा. दुकानात त्यानंतर जा.