श्रवणदोष व मेंदूचे प्रतिमादर्शन

श्रवणदोष व मेंदूचे प्रतिमादर्शन : कमी ऐकू येणारी व्यक्ती बोलणे समजून घेत असताना तिच्या मेंदूच्या कोणत्या भागांत किती क्रिया घडते, हे कवटी न उघडता चित्ररूपाने पाहण्याच्या पद्धती व त्यांपासून मिळालेले ज्ञान. श्रवणमापनाने किती डेसिबेलचा ध्वनी ऐकू येतो हे कळते. परंतु ऐकू येणे व समजणे या भिन्न क्रिया आहेत. ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ ही वृद्धांची नेहमीची तक्रार या भेदातून उद्भवते. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकण्याची क्षमता घटते. स्वर बहुधा ऐकू येतात. स, श यांसारखी घर्षक व्यंजने निसटतात. फुलसावंगीसारख्या (ता. महागाव, जि. यवतमाळ) गावी बाजाराच्या गलबल्यात भाव ऐकणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यास ‘साठ’ हा शब्द ‘आठ’ असा ऐकू येऊ शकतो. उरलेले त्याला संदर्भावरून ताडावे लागते आणि हे ताडण्याचे काम मेंदूचे असते.

पद्धती : मेंदूचा जो भाग सक्रिय होतो तेथे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिनाचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असल्याने हा बदल चुंबकीय अनुस्पंदनाने टिपता येतो, असे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. श्रवणाच्या अभ्यासात मात्र ही पद्धत अडचणीची ठरते, कारण हे यंत्र स्वतःच मोठा खडखडाट करते. म्हणून दोन प्रतिमांमध्ये काही सेकंद शांतता ठेवून त्या अवधीत वाक्ये ऐकवितात. कर्णशंबूकात विद्युत् अग्रे रोपण केलेल्या रुग्णांबाबत रोपणातील चुंबक व धातू यांचाही अडथळा होतो. अशा वेळी पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शन किंवा डोक्यावरून अवरक्त प्रकाश सोडून रक्तातील बदल मोजण्याची पद्धत वापरतात. दुसरी पद्धत निःशब्द व किरणोत्सर्गरहित असल्याने बालकांस विशेष सोयीची आहे.

निष्कर्ष : जोनाथन पील व सहकाऱ्यांना २०११ मध्ये असे आढळले की, वृद्धांमध्ये श्रवणक्षमता जितकी कमी, तितकी वाक्ये ऐकताना शंखखंडातील श्रवणक्षेत्राची सक्रियता कमी असते. अस्पष्ट बोलणे समजून घेताना ललाटखंडाचे भाग अधिक कार्यप्रवृत्त होतात. सायंकाळी येणारा ‘ऐकण्याचा थकवा’ यावरून समजू शकतो. जन्मतः बधिर व्यक्तींत रिकामे राहिलेले श्रवणक्षेत्र दृष्टिसंवेदनांनी उद्दीपित होते, हे २००१ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, रोपणापूर्वी श्रवणक्षेत्रातील चयापचय ज्या बधिर बालकांत मंद होता, त्यांना रोपणानंतर बोलणे अधिक चांगले समजू लागले. वरवर हे उलटे वाटते. परंतु मंद चयापचय म्हणजे ती जागा अद्याप दुसऱ्या कार्याने व्यापलेली नाही, असा त्याचा अर्थ लावतात. अनू शर्मा व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मेंदूच्या विद्युत् प्रतिसादांवरून दाखविले की, साडेतीन वर्षांच्या आत रोपण झाल्यास श्रवणबाह्यकाचा विकास वयानुरूप होऊ शकतो. सात वर्षांनंतर तो क्वचितच होतो.

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व याच कालमर्यादेमुळे आहे. वरील बहुतेक निष्कर्ष गटांच्या सरासरीवर आधारलेले असून, एका रुग्णाच्या प्रतिमेवरून त्याला कितपत समजेल हे खात्रीने सांगता येत नाही. रोपणापूर्वी घेतलेल्या प्रतिमांचा नित्याचा उपयोग कर्णशंबूकाची व श्रवण तंत्रिकेची रचना पाहण्यापुरताच असतो. खेड्यातील तान्ह्या बालकाच्या दृष्टीने महागड्या प्रतिमेपेक्षा झोपेत करता येणारी ‘बेरा’ चाचणी अधिक मोलाची आहे. तीत डोक्यावर अग्रे चिकटवून मस्तिष्क स्तंभाचे विद्युत् प्रतिसाद नोंदवितात. बालकाने उत्तर देण्याची आवश्यकता नसते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था निदान, प्रशिक्षण व संशोधन ही कार्ये करते. केंद्र शासनाच्या साहाय्याने बधिर बालकांवर होणाऱ्या कर्णशंबूक रोपणांच्या योजनेतही तिचा प्रमुख सहभाग आहे. [⟶ कान, बहिरेपणा].