संचालक रामन : बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतील चार वर्षे

बंगळूरच्या आग्नेयेस होसूर आणि सरजापूर या दोन रस्त्यांच्या दरम्यान एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. दोन्ही रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. माहिती तंत्रज्ञानातील नवउद्योगांसाठी ती आज देशभर ओळखली जाते. मात्र बंगळूर हे विज्ञानाचे नगर संगणकामुळे झाले नाही. त्याची पायाभरणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमलगत, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत झाली. या संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणजे डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन. परीक्षोपयोगी पुस्तकांत रामन हे नाव १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक येथेच बहुधा संपते. संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांची कारकीर्द मात्र वादग्रस्त ठरली, आणि म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे एका तमिळ कुटुंबात झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून एम. ए. झाल्यावर रामन यांनी १९०७ मध्ये वित्त सेवेची स्पर्धा परीक्षा दिली आणि कलकत्त्यास साहाय्यक महालेखापालाचे पद स्वीकारले. मधल्या काळात रंगून आणि नागपूर येथेही त्यांची बदली झाली होती. कार्यालयाचे काम सांभाळून उरलेला वेळ ते डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या विज्ञानसंवर्धन संस्थेच्या प्रयोगशाळेत घालवीत. १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद देऊ केले. वेतन बरेच कमी होते, तरीही रामन यांनी सरकारी नोकरी सोडली.

एकरंगी प्रकाश एखाद्या द्रवातून जाताना विखुरतो. या विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपली तरंगलांबी बदलून बाहेर पडतो आणि हा बदल त्या पदार्थाच्या रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. २८ फेब्रुवारी १९२८ चा हा शोध. के. एस. कृष्णन हे त्यात त्यांचे सहकारी होते. प्रत्येक पदार्थाचा जणू ठसाच या पद्धतीने मिळत असल्याने औषधनिर्मितीपासून रत्नपरीक्षेपर्यंत ती आजही वापरली जाते.

१९३३ मध्ये रामन बंगळूरला आले. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या भूमीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेत तोपर्यंत रसायनशास्त्र व विद्युत तंत्रज्ञान यांना प्राधान्य होते. उद्योगांना उपयुक्त संशोधन हा तिचा मूळ हेतू होता. रामन यांनी तेथे भौतिकशास्त्राचा नवा विभाग सुरू केला. १९३४ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमीही स्थापन केली. त्याच सुमारास हिटलरच्या राजवटीने ज्यू शास्त्रज्ञांना जर्मन विद्यापीठांतून हुसकावून लावले होते. ही संधी रामन यांनी ओळखली. पुंज यामिकीचे एक शिल्पकार मॅक्स बॉर्न १९३५ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला आले. त्यांच्यासाठी कायम प्राध्यापकपद निर्माण करावे असा रामन यांचा आग्रह होता. परंतु प्राध्यापकांमधूनच त्यास तीव्र विरोध झाला. बॉर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेले आणि १९५४ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. संस्थेने काय गमावले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ज्या संचालकाने परदेशी निर्वासितासाठी दार उघडले, त्यानेच एका मराठी विद्यार्थिनीसाठी ते लावून घेतले होते. कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन आल्या. त्यांचे वडील व काका याच संस्थेत शिकले होते. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाताईंनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला, तेव्हा त्यांना एक वर्षाच्या परीक्षाकाळावर, कठोर अटींसह प्रवेश मिळाला. त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. कमलाताईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळविली. कमला सोहोनी या नावाने त्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावल्या. रामन यांच्या प्रयोगशाळेत पुढे काम केलेल्या ॲना मणी यांनी स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणनिर्मितीचा पाया घातला.

इतर विभागांच्या, विशेषतः रसायनशास्त्राच्या, वाट्याचा पैसा भौतिकशास्त्राकडे वळविला जातो, अशी सहकाऱ्यांची तक्रार होती. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. नवा विभाग उभारण्याच्या घाईत विश्वासात घेऊन निर्णय करण्याची रीत रामन यांनी सांभाळली नाही. १९३६ मध्ये सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल संचालकांच्या अधिकारांस मर्यादा घालणारा होता. १९३७ मध्ये रामन यांनी संचालकपद सोडले. १९४८ पर्यंत ते प्राध्यापक म्हणून मात्र तेथेच राहिले.

पुढील वर्षांचे फलित लक्षणीय आहे. महायुद्धामुळे इंग्लंडला परतू न शकलेले होमी भाभा रामन यांच्याच विभागात रुजू झाले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभ या संस्थेच्या आवारातच झाला आणि त्याच वर्षअखेरीस ती मुंबईस हलली. विक्रम साराभाई यांनीही याच काळात बंगळूरला विश्वकिरणांवर काम केले.

निवृत्तीनंतर रामन यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये ते भारतरत्न झाले. सरकारी अनुदानासोबत अहवाल आणि नियंत्रण येते, अशी त्यांची धारणा असल्याने ही संस्था त्यांनी देणग्या व स्वतःच्या मिळकतीवर चालविली. साहजिकच तिचा आकार लहान राहिला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले आणि संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. १९७२ मध्ये रामन संशोधन संस्थेची पुनर्रचना झाली व ती केंद्र सरकारच्या अनुदानावर चालू लागली.