स्टेरॉइडची मात्रा उतरवताना होणारा खोकला

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. या संशोधनाबद्दल हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध बंद होताच दुखणे परत येते, हेही लवकरच दिसून आले. स्टेरॉइड रोगाचा दाह शमविते. रोगाचे मूळ ते बहुधा उपटून काढीत नाही.

दमा किंवा फुप्फुसांच्या इतर दाहक विकारांत मात्रा कमी होऊ लागली, की पुष्कळदा खोकला पुन्हा डोके वर काढतो. अशा वेळी काही रुग्ण घाबरून मात्रा आपणच वाढवितात, तर काही औषधालाच दोष देऊन ते एकदम सोडतात. दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे हॉर्मोन तयार करतात. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी त्यांना कामास लावते. प्रेडनिसोलोनसारखे औषध तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ पोटात जात राहिले, तर हा संदेश क्षीण होतो व अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. त्यांना जाग येण्यास कित्येकदा महिनेही लागतात. म्हणूनच मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. औषध अचानक थांबल्यास अतिशय थकवा, मळमळ, उभे राहताच घेरी येणे अशी लक्षणे दिसतात, व प्रसंगी जिवावरही बेतते.

खोकला मात्र सहसा या उणिवेचे लक्षण नसतो. त्याचे कारण निराळे शोधावे लागते. रात्री व पहाटे खोकला येऊन छातीत घरघर होत असेल, तर मूळचा दमा बळावला असण्याचा संभव असतो. आडवे होताच उबळ येत असेल, तर जठरातील आम्ल घशाशी येत असेल. रक्तदाबावरील एनालाप्रिलसारख्या औषधानेही कोरडा खोकला लागतो. भारतात क्षयाचा विचार तर कधीच टाळता येत नाही. स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती मंदावते, सुप्त क्षय जागा होऊ शकतो आणि ताप दबल्यामुळे तो लक्षातही येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात थुंकीची तपासणी अवश्य करावी.

रुग्णाने रोजची मात्रा, खोकल्याची वेळ व कफाचा रंग एका वहीत टिपून ठेवावा. मात्रा नेमकी कोणत्या पायरीवर असताना खोकला वाढला, हे त्यावरून वैद्याला कळते. कोमट पाणी व उशाशी थोडी उंची यांनी आराम पडतो. धूर आणि तंबाखू वर्ज्य करावी. कफात रक्त, वाढती धाप किंवा ताप दिसल्यास, अथवा वांत्यांमुळे गोळी पोटात टिकत नसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि आपण स्टेरॉइड घेत असल्याचे तेथे प्रथम सांगावे.