गोळ्या थांबवल्याशिवाय कळत नाही

लस रोग टाळण्यासाठी असते, ही आपली ओळखीची समजूत. उपचारात्मक लस मात्र एचआयव्हीची लागण आधीच झालेल्यांना देतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांच्या रोजच्या गोळ्या, विषाणूला इतके दाबून ठेवतात की नेहमीच्या तपासणीत तो सापडतही नाही. पण काही पेशींत तो दडून राहतो आणि गोळ्या बंद झाल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत परत येतो. गोळ्यांविना त्याला आवरायला शरीराला शिकवावे, एवढ्यासाठी ही लस.

शरीर ते शिकले, हे ओळखायचे कसे? पोलिओच्या लसीसाठी ख्यातनाम असलेल्या जोनास साल्क यांच्या कल्पनेतून आलेली ‘रेम्यून’ ही उपचारात्मक लस अडीच हजारांवर लोकांवर तपासली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांच्या आजारपणात फरक दिसेना, म्हणून 1999 मध्ये चाचणी थांबली. प्रयोगशाळेत पेशींचा प्रतिसाद मोजता येतो, पण त्यावर विसंबता येत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोळ्या थांबवल्यावर लस घेतलेल्यांमध्येच विषाणू अधिक जोराने उसळला होता.

म्हणून गोळ्याच काही काळ थांबवून पाहतात. यात धोका खरा आहे. गोळ्या सोडून-धरून घेतल्याने आजार आणि मृत्यू वाढतात, हे ‘स्मार्ट’ या मोठ्या अभ्यासाने 2006 मध्ये दाखवले. त्यामुळे रक्त वारंवार तपासतात, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला किंवा रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी-4 पेशी घटल्या की गोळ्या लगेच सुरू करतात. जोडीदाराच्या संरक्षणाचाही विचार करावा लागतो, कारण या काळात लागण पसरू शकते.

अशाच एका लसीच्या, बार्सिलोनातल्या ‘एलिक्स-002’ चाचणीत 45 जण होते. काहींची जनुकेच विषाणूला आवरायला मदत करतात. त्यांना वगळून पाहिले, तर लस घेतलेल्या 20 पैकी 8 जण 22 आठवडे गोळ्यांविना राहू शकले, नुसते प्लासिबो (लसीचा अंश नसलेली नकली मात्रा) मिळालेल्या 12 पैकी एकच. आकडे लहान आहेत. यावरून लस सापडली असे म्हणता येणार नाही, पण दिशा दिसते. मला सर्वांत मोठे वाटते ते प्लासिबो गटातल्यांचे योगदान. लसीचा लाभ नाही, धोका मात्र तोच, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय लसीचे मोल ठरत नाही.

हे सारे डॉक्टरांच्या नजरेखाली घडते. वाचकांपैकी कोणी एआरटीवर असेल, तर स्वतःहून गोळ्या थांबवून पाहू नका. सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात. रोज, वेळेवर घ्या.