बाराच्या मर्यादेतले युद्ध

संगणकीय खेळांना सहसा दीर्घायुष्य लाभत नाही. दोन-तीन वर्षांत नवी यंत्रे येतात, अधिक देखणी चित्रे येतात आणि कालचा खेळ अडगळीत जातो. ‘स्टारक्राफ्ट’ याला अपवाद ठरला. ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी बाजारात आणलेला हा खेळ पाव शतक उलटल्यावरही दक्षिण कोरियात चुरशीने खेळला जातो.

खेळाचे स्वरूप वरकरणी सोपे आहे. खनिजे व वायू गोळा करावेत, त्यातून इमारती व सैन्य उभारावे आणि प्रतिस्पर्ध्याचा तळ उद्ध्वस्त करावा. बुद्धिबळाप्रमाणे येथे आळीपाळीने चाली नसतात; दोन्ही बाजू एकाच वेळी धावत असतात. शिवाय पट झाकलेला असतो. आपला माणूस जिथे पोहोचला, तेवढाच प्रदेश दिसतो.

मात्र खरी गंमत तीन जमातींत आहे. मानवी टेरान, कीटकांसारखे झर्ग आणि प्रगत प्रोटॉस यांच्यात केवळ रंगरूपाचा फरक नाही. साधी इमारत बांधण्याचेच पाहा. टेरान कामगाराला काम पुरे होईपर्यंत तिथेच राबावे लागते. प्रोटॉसचा कामगार पायाभरणी करून लगेच निघून जातो. झर्गचा कामगार मात्र स्वतःच इमारत बनतो आणि कायमचा संपतो. त्यामुळे झर्ग खेळाडूला प्रत्येक इमारतीपायी एक कमावता हात गमवावा लागतो. इतक्या विषम जमातींचे पारडे समतोल राखणे हे महाकठीण काम. त्यातला शेवटचा महत्त्वाचा फेरफार कंपनीने २००१ साली केला. त्यानंतर तो तोल सांभाळला तो मुख्यतः नव्या नकाशांनी आणि खेळाडूंनी शोधलेल्या नव्या डावपेचांनी.

उणिवाही उघड आहेत. सैन्य २०० च्या घरात गेले तरी एका वेळी केवळ १२ जणांनाच हुकूम देता येतो. वाट शोधण्याच्या बाबतीत हे सैनिक मंदबुद्धीच म्हणावे लागतील. ड्रॅगून नावाचे चार पायांचे यंत्र तर उतारावर हमखास अडखळते. खनिजे वाहणारे कामगार एकमेकांना अडून कोंडी होऊ लागली, तेव्हा निर्मात्यांनी एक पळवाट काढली. या कामावर असताना कामगारांना एकमेकांच्या आरपार जाऊ द्यायचे! घाईगर्दीत केलेली ही तडजोड पुढे खेळाडूंनी लढाईतही वापरली.

या उणिवांमुळेच खेळाला शारीरिक कसब आले. जे काम यंत्र करत नाही, ते बोटांनी करावे लागते. अव्वल खेळाडू मिनिटाला ३०० च्या आसपास कृती करतात. त्याची किंमतही मोजावी लागते. सर्वश्रेष्ठांत गणल्या जाणाऱ्या ली यंग-हो याच्या उजव्या हातावर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली.

कोरियातच हे वेड का फोफावले? १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तेथे वेगवान इंटरनेट झपाट्याने पसरले आणि ‘पीसी बांग’ म्हणजे तासाच्या भाड्याने संगणक देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. सामने दाखवणाऱ्या दूरचित्रवाहिन्या आल्या, पगारी संघ आले. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला सुमारे एक लाख प्रेक्षक होते, असे सांगितले जाते. पैशापाठोपाठ किडही आली. सामने ठरवून हरल्याच्या प्रकरणात २०१० मध्ये ११ आजी-माजी खेळाडूंवर कायमची बंदी घालण्यात आली. विश्वासाला तडा गेला, तो नेमक्या अशा वेळी, जेव्हा ‘स्टारक्राफ्ट २’ दारात उभा होता. नव्या खेळात वाट शोधणे अचूक होते, बाराची मर्यादाही नव्हती. तरीही अनेक कोरियन खेळाडू काही वर्षांनी जुन्याकडे परतले.

ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने मूळ खेळाची नवी आवृत्ती काढली. चित्रे रेखीव झाली, ध्वनी सुधारला. आत हात घालण्याचे धाडस मात्र कोणी केले नाही. बाराची मर्यादा तशीच आहे आणि ड्रॅगून आजही उतारावर अडखळतो.