रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटे

वाचकहो, घरच्या माणसाला रुग्णालयात रक्त चढवायचे असते, तेव्हा नर्सबाई पुन्हा पुन्हा नाव आणि जन्मतारीख विचारतात. काहींना त्याचा राग येतो. राग मानू नये, असे आम्ही सांगतो. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले, म्हणून आज रक्त जुळवून देता येते. पण एकाची पिशवी दुसऱ्याला लागली, तर ते जिवावर बेतते.

पहिली पंधरा मिनिटे फार महत्त्वाची. नर्सबाई ताप, नाडी, रक्तदाब पाहतात. थंडी वाजली, ताप चढला, अंगावर पित्त उठले, कंबर दुखू लागली, धाप लागली किंवा लघवी लाल झाली, तर लगेच सांगावे. त्या रक्त थांबवतात, नळी बदलून सलाइन सुरू ठेवतात, डॉक्टरांना बोलावतात आणि नाव व पिशवी पुन्हा पडताळतात. पुढेही, पिशवी संपेपर्यंत आणि नंतरही, लक्ष ठेवावे लागते.

आपले आजी-आजोबा मात्र “उगाच कशाला त्रास द्यायचा?” म्हणून सोसत राहतात. म्हणून आपण जवळ बसावे, अधूनमधून त्यांना विचारावे आणि त्यांच्या वतीने निःसंकोच बोलावे. त्यात कोणाचाही अपमान नाही.